पासंग

कामाचुमूच्या कॉफी-गोदामातला काटा मूळचाच खोटा.
उजवं पारडं रिकाम्यापोटीही झुकलेलं,
जसं तिथं आधीच कुणी जाऊन बसलंय.
साहेब म्हणायचा, लोखंड आहे, चालायचंच.
प्रिवातुस रुताबिंग्वा तेव्हा बावीसचा,
मिशनच्या शाळेतून भूमिती शिकून आलेला कारकून.
तळ्याकाठचा एक गोटा त्यानं केळीच्या सोपटानं
डाव्या पारड्याखाली बांधला.
काटा सरळ उभा राहिला.
त्या दिवशी विधवा कोकुशुबिराची कॉफी
साडेतीन रत्तल जास्त भरली.
वहीत आकडा मी लिहिला. हात कापत होता.

एवढंच त्याचं राजकारण.
बाकीचं लोकांनी नंतर वाढवलं.

बदली, मग चौकशी, मग चार महिने तुरुंग.
सुटला तो गोटा खिशात घेऊनच.
भाषण येत नसे त्याला.
साबणाच्या खोक्यावर उभा राहून दगड दाखवायचा:
"हा कुणाच्या हिशेबात नसतो.
पण हा नसला की मापात पाप."
बायका हसायच्या.
पुरुष पक्षाची कार्डं घ्यायचे, दोन-दोन शिलिंगांना,
काही उधारीवर.

डिसेंबरातली ती मध्यरात्र.
बुकोबाच्या मैदानात दिवे मालवले, एक झेंडा उतरला.
दिवे लागले, दुसरा वर होता.
आणि उजेडावर सेनेने उतरले,
तळून खायचे ते हिरवे नाकतोडे, हजारोंनी,
कुणी वरून मुठी उघडाव्यात तसे.
राष्ट्रगीत अर्ध्यावर.
आधी पोरं धावली, मग खांगा पसरून बाया,
मग बँडमधला ढोलवाला, स्वतःची टोपी उलटी धरून.
प्रिवातुस उसन्या सुटात मंचावर.
कमिशनरच्या बायकोच्या खांद्यावरचा एक
त्यानं अलगद चिमटीत धरला:
"माफ करा बाईसाहेब, हा आता आमचा."

मग बोटीनं म्वांझा, पुढे आगगाडी, दार-एस-सलाम.
उपमंत्री, वजनं-मापं आणि सहकार.
सरकारी लिफाफ्यात घरगुती अक्षर यायचं:
"इथल्या पाण्याला मिठाचा वास आहे.
माझ्या डोक्यावर पंखा फिरतो.
कागद उडू नयेत म्हणून गोटा ठेवलाय.
शिपाई विचारतो, साहेब, काचेचा आणू का चांगला?"

पत्रं आखूड होत गेली.
नवे काटे आले, परदेशी, पांढऱ्या रंगाचे.
कुणाच्या तरी मेव्हण्याचं कंत्राट.
मी रिकामी पारडी पाहिली. उजवं खाली.
कळवलं त्याला.
उत्तरात एकच ओळ होती:
"आज बैठकीत खिशातून दगड काढला. कुणी हसलं नाही."

मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर नवी यादी वाचली.
एका रेडिओभोवती आम्ही आठजण.
त्याचं नाव आलं नाही.
त्या जागी निवेदकानं श्वास घेतला,
किंवा मला तसं वाटलं.

बोटीवरून उतरला तो एक ट्रंक, एक छत्री घेऊन.
हमालाला पैसे जास्तच दिले.
धक्क्यावर कुणी म्हणालं,
एवढा मोठा झाला, शेवटी पासंगालाही पुरला नाही.
त्यानं ऐकलं. मान हलवली,
वजन बरोबर आहे म्हणताना हलवायचा, तशी.

गोदामात पुन्हा पाऊल टाकलं नाही.
गुरुवारी मिशनच्या दवाखान्यात मात्र जाई,
तान्ह्या पोरांच्या काट्याखाली वाकून बघे,
आणि नर्स त्याला हाकलून देई.

केळीच्या बागेत पुरलं त्याला.
उकडलेल्या कॉफीच्या बियांची परडी फिरत होती.
दोन चघळत मी एर्मेलिंडाला विचारलं, तो गोटा कुठाय?
"कुठला?" ती म्हणाली.
"अंगणात दगड कमी आहेत का?"

तीन-चार उचलून पाहिले मी.
हाताला काही आठवेना.